टोटल लॉस गाडी घेऊन उभी करायचीय? आधी कागद, मग पत्रा

कसारा घाटात नाहीतर चांदवडच्या राहुड घाटात ठोकलेली गाडी टोचन होऊन गावात येते, कोणीतरी सांगतं "दीड लाखात देतोय, वर लाखभर टाकले की चकाचक", आणि आपल्या डोक्यात लगेच हिशेब सुरू होतो. हिशेब चुकीचा असतोच असं नाही. अशा गाड्या घेऊन नीट उभ्या केलेले आणि वर्षानुवर्षं वापरणारे लोक नाशकात भरपूर आहेत. पण ते कोणत्या गाडीला हात लावत नाहीत हे आधी कळलं पाहिजे.

माझा साधा नियम आहे. दरवाजा, बोनेट, बंपर, हेडलाइट, रेडिएटर हे नट-बोल्टने सुटतं, त्याला फक्त पैसे लागतात. ॲप्रन (पुढच्या चाकावरचा आतला पत्रा), पिलर (छत धरणारे खांब), चेसिसचे मेंबर (सांगाड्याचे दांडे) हे वेल्डिंगचं काम, त्याला पैसे लागतात आणि वर चांगला मिस्त्री लागतो. आणि कागद बिघडलेला असेल तर तिथे पैसाही चालत नाही आणि मिस्त्रीही. म्हणून क्रम उलटा धरायचा, आधी कागद बघायचा, मग वेल्डिंगचा भाग आणि सगळ्यात शेवटी ते फुटलेलं बोनेट, ज्याच्याकडे सगळे आधी बघतात.

टोटल लॉस म्हणजे नक्की काय

पॉलिसीवर गाडीची जी किंमत लिहिलेली असते, म्हणजे आयडीव्ही, तिच्या ७५ टक्क्यांच्या वर दुरुस्तीचा खर्च गेला की विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते. समजा आयडीव्ही ५ लाख आहे आणि शोरूमच्या वर्कशॉपने ४ लाख २० हजाराचं एस्टिमेट काढलं, तर गाडी ३ लाख ७५ हजाराची रेषा ओलांडून गेली. आता हे एस्टिमेट कसं बनतं ते बघा. प्रत्येक पार्ट नवा आणि जेन्युइन, एअरबॅगचा पूर्ण सेट नवा, लेबर वर्कशॉपच्या रेटने. शिवाय आयडीव्ही दरवर्षी खाली येतो, गाडी चार वर्षांच्या पुढे गेली आणि पाचच्या आत असेल तर तो नव्या किमतीच्या निम्म्यावर आलेला असतो. म्हणजे जुन्या गाडीला तोंडाचा मार बसला आणि बॅगा उघडल्या एवढ्यानेही ती टोटल लॉस होऊ शकते, बाकी गाडी ठणठणीत असली तरी. आपल्याला शोधायची ती ही गाडी. मधून वाकलेली नको, छपरावर उलटलेली नको आणि जळालेली तर अजिबात नको.

गाडी मिळते कुठून

सगळ्यात सोपं म्हणजे थेट मालकाकडून. मालकाने कंपनीशी नेट ऑफ साल्व्हेज सेटलमेंट केलेलं असतं, म्हणजे कंपनीने भंगाराची किंमत वजा करून बाकी रक्कम दिली आणि गाडी मालकाकडेच राहिली. यात आरसी त्याच्या नावावर चालू असते, माणूस समोर असतो, सहीला उपलब्ध असतो. मी तर पहिली गाडी घेणाऱ्याला हाच रस्ता सांगतो.

दुसरा रस्ता विमा कंपन्यांच्या ऑनलाइन बोलीचा. तिथे मोठे डीलर बसलेले असतात आणि गाडी "जशी आहे तशी" मिळते, नंतर तक्रार ऐकायला कोणी नसतं. बोलीवर फी किती, टॅक्स किती, यार्डातून गाडी किती दिवसांत उचलायची आणि नाही उचलली तर भाडं किती, हे बोली लावायच्या आधी वाचून घ्या.

तिसरा, बँक-फायनान्सवाल्यांनी ओढून आणलेल्या गाड्या. या बहुतेक ठोकलेल्या नसतात पण यार्डात उन्हापावसात उभ्या राहून खराब झालेल्या असतात. यात फायनान्स कंपनीने फॉर्म ३६ भरून आरसी आधी स्वतःच्या नावावर करून घेतलीय का ते विचारा. चौथा, पोलीस स्टेशनच्या आवारात पडलेल्या बेवारस गाड्यांचा सरकारी लिलाव. याला फॉर्म ३२ लागतो आणि लिलाव कायम झाल्याची ऑर्डर लागते, ती ऑर्डर जिवापाड जपा कारण नाव लागायला तोच मुख्य आधार आहे.

आणि पाचवा, भंगारवाल्याकडे उभी असलेली गाडी. अंबड-सातपूर लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने २०१७ ला उठवला, हळूहळू परत बसला, २०२५ ला परत उठवला, त्यामुळे आज कोण कुठे आहे ते विचारतच जावं लागतं. तिथून पार्ट घ्या, पण पूर्ण गाडी "आरसी नंतर देतो" या बोलीवर घेऊ नका, मग किंमत कितीही कमी असो.

कागद: इथे घाई केली की संपलं

सगळ्यात आधी एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका. आरसीचं स्टेटस ॲक्टिव्ह आहे का, फायनान्स चढलेला आहे का, विमा कधीपर्यंत होता, ब्लॅकलिस्ट दाखवतंय का. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने १४ दिवसांत आरटीओला कळवून आरसी जमा करायची असते आणि रजिस्ट्रेशन रद्द होतं. बऱ्याच टोटल लॉस केसमध्ये विमा कंपनीच पैसे देण्याआधी हे करून मागते. एकदा रजिस्ट्रेशन रद्द झालेली गाडी तुम्ही सोन्याची केली तरी रस्त्यावर येणार नाही, ती फक्त पार्टसाठी. विकणारा मात्र जुन्या आरसीची झेरॉक्स खिशातून काढून दाखवतो आणि आपण भुलतो.

मग चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी बघा. ट्रान्सफरला पेन्सिल प्रिंट लागतेच, तर ती सौदा करायच्या आधीच काढा. कागद ठेवून पेन्सिल घासायची, १७ अक्षरांचा नंबर उमटतो, तो आरसीशी एकेक अक्षर जुळवा. नंबराच्या आजूबाजूला घासल्याच्या खुणा, वेगळा रंग, चौकोनी वेल्डिंग किंवा एखादा आकडा बाकीच्यांपेक्षा वर-खाली दिसला की तिथून निघा, चहा प्यायला सुद्धा थांबू नका. चोरीच्या गाडीला टोटल लॉस गाडीचा नंबर आणि कागद चढवणं हा या धंद्यातला जुना गुन्हा आहे आणि त्यात शेवटचा घेणारा पण पोलीस स्टेशनच्या चकरा मारतो. एनसीआरबी, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद ब्युरोच्या पोर्टलवर गाडी चोरीच्या रेकॉर्डला आहे का ते बघून एनओसी काढता येते, तेवढं करूनच टाका.

आता एक गोष्ट जी लोक हमखास विसरतात. अपघातात कोणी गेलं असेल किंवा जबर जखमी असेल तर गाडी पोलिसांनी जप्त केलेली असते आणि कोर्टातून सुपूर्दनाम्यावर, म्हणजे लेखी हमीवर, सुटलेली असते. त्या ऑर्डरमध्ये बहुतेक वेळा अट असते की केस संपेपर्यंत गाडी विकायची नाही, रूप बदलायचं नाही, बोलावल्यावर हजर करायची. म्हणून "ॲक्सिडेंट कुठे झाला, केस झाली का" हे सरळ विचारा आणि झाली असेल तर कोर्टाचा कागद वाचल्याशिवाय टोकन देऊ नका.

बाकी फॉर्म सगळ्यांना माहीत असतात पण एकदा सांगतो: ट्रान्सफरला २९ आणि ३०, फायनान्स काढायला ३५ आणि बँकेची एनओसी, मालक वारला असेल तर वारसाच्या नावाने ३१, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर २८ ची एनओसी. मालेगावची एमएच ४१ असो की आपली एमएच १५, राज्यातली असली तर काम जमतं. गुजरात-दमणच्या गाड्या आपल्याला जवळ पडतात आणि स्वस्त दिसतात, पण महाराष्ट्राचा टॅक्स भरला की स्वस्ताई बरीचशी तिथेच जाते, आधी पेठ रोडच्या आरटीओ ऑफिसला जाऊन टॅक्स किती बसेल ते विचारून या. ई-चलानही बघा, पेंडिंग रक्कम कधीकधी एका नव्या टायरच्या वर असते.

गाडी बघायला जाताना

सकाळच्या उजेडात जा, टॉर्च, चुंबक, मेजर टेप आणि एक डेंटर (पत्र्याचं काम करणारा मिस्त्री) सोबत घ्या. मेकॅनिक नंतर, डेंटर आधी. त्याला त्याचे पाचशे-हजार द्या, तो मोकळेपणाने बोलेल. पण ज्याला हे काम मिळणार आहे त्यालाच बघायला नेलं तर तो गाडी नापास कशाला करेल?

समोरून ठोकलेली असेल तर बोनेट उघडून दोन्ही बाजूचे ॲप्रन आणि शॉकअपच्या टोप्या (शॉकअप वर जिथे बॉडीला बसतो ती जागा) बघा. सुरकुती पडलीय का, स्पॉट वेल्ड उघडलेत का, सीलंटला चिरा गेल्यात का. मग बोनेटच्या खाली आडवे-तिडवे माप घ्या: डाव्या टोपीच्या बोल्टपासून उजव्या हेडलाइटच्या ब्रॅकेटपर्यंत, आणि उलट. दोन्ही सारखे आले पाहिजेत, दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालेल, सेंटीमीटरभर असेल तर गाडी तिरकी झालीय. मग दरवाजे उघडबंद करा. पुढच्या मारात पुढचे दरवाजे पिलरला घासायला लागले म्हणजे मार केबिनपर्यंत पोचलाय, आणि केबिनपर्यंत पोचलेली मोनोकॉक (वेगळी चेसिस नाही, बॉडी हाच सांगाडा) गाडी मी तरी सोडतो. आजच्या गाड्यांचे पिलर हाय स्ट्रेंथ स्टीलचे असतात, ते गॅसने लाल करून ठोकून सरळ केले की दिसायला सरळ होतात पण त्यांची ताकद गेलेली असते, पुढच्या मारात ते घडी होतील.

बोलेरो आणि जुनी स्कॉर्पिओ यांचं गणित वेगळं. या आपल्या नाशकातच बनलेल्या गाड्या, पार्ट गल्लोगल्ली मिळतात आणि प्रत्येक मिस्त्रीच्या हाताखालून शंभर गेलेल्या. खाली शिडीसारखी वेगळी चेसिस, वर बॉडी बोल्टने बसवलेली, त्यामुळे बॉडीचा मार परवडतो. पण चेसिस नंबर त्या शिडीवरच पंच केलेला असतो, म्हणजे शिडीच वाकली तर नुसती दुसरी आणून टाकता येत नाही, तिथे कागदाचा प्रश्न येतो. खाली झोपून दोन्ही लांब बीम टॉर्च मारून बघा, कुठे घडी, कुठे नवीन काळा रंग मारलाय का.

आधीचा झाकलेला मारही असतो. चुंबक फिरवा, जिथे पकडत नाही तिथे खाली लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. रंगाची जाडी मोजायचं मीटर मिळालं तर अजून बरं, कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो, आकडा हजाराच्या वर गेला म्हणजे तिथे पत्र्यापेक्षा पुट्टी जास्त.

एअरबॅगचा दिवा बघायची रीत अशी: इग्निशन ऑन केलं की दिवा काही सेकंद लागतो आणि विझतो. लागलाच नाही तर कोणीतरी बल्ब काढलाय किंवा जोड मारलाय. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, अडकत असेल किंवा परत जात नसेल तर टेन्शनर (धडकेत बेल्ट आवळणारा भाग) उडालेला आहे.

पुराची गाडी

ही दिसायला सगळ्यात सुंदर, ओरखडा नाही, रंग चमकतोय, आणि भाव पडलेला. २००५ ची मुंबई, २०१९ चं सांगली-कोल्हापूर, २०२१ चं चिपळूण, आणि आपल्या गोदावरीचा ४ ऑगस्ट २०१९ चा पूर, अशा प्रत्येक वेळी बुडालेल्या गाड्या नंतर बाजारात येतात आणि आल्या त्या गावाचं नाव कोणी सांगत नाही. सीटबेल्टच्या शेवटच्या टोकाला गाळाची रेघ, कार्पेटखाली ओल, सीटच्या रेलला गंज, डिकीत स्टेपनीच्या खड्ड्यात माती, हेडलाइटच्या आत वाफ. इतका भारी परफ्युम कशाला मारलाय असं वाटलं तर बरोबर वाटतंय.

पाणी कार्पेटपर्यंतच आलं असेल तर विचार करा. डॅशबोर्डपर्यंत गेलं असेल तर वायरिंगचा आणि ईसीयूचा, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरचा, खर्च धरा, आणि तो धरल्यावर बहुतेक गाड्या परवडत नाहीत. खारं पाणी असेल तर तो विषयच नको. आणि अशी गाडी चुकूनही सेल्फ मारून बघू नका. सिलेंडरमध्ये पाणी असेल तर ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो, डिझेलमध्ये तर हमखास. आधी स्पार्क प्लग किंवा इंजेक्टर काढायचे, हाताने इंजिन फिरवायचं, पाणी बाहेर, ऑइल बघायचं, दुधासारखं असेल तर इंजिन खोलण्याचा खर्च लिहून ठेवा.

बोली किती लावायची

उलटं मोजा. तशीच विना-ॲक्सिडेंट गाडी बाजारात ५ लाखाला जाते असं समजा. तुम्ही कितीही छान केली तरी ती ॲक्सिडेंटची राहणार, म्हणून पाऊण किंमत धरा, ३ लाख ७५ हजार. दुरुस्ती १ लाख ६० हजार. टोचन, यार्ड, कागद, विमा मिळून २५ हजार. आणि दुरुस्तीच्या वीस टक्के, म्हणजे ३२ हजार, खोलल्यावर जे निघेल त्याच्यासाठी. उरले १ लाख ५८ हजार. याच्या वर गेलात की स्वतःची मेहनत फुकट आणि वर खिशातून. दुरुस्तीचा आकडा तोंडी घेऊ नका, पार्टची यादी करा आणि प्रत्येक पार्टचे दोन भाव लिहा, नवा आणि कटिंगचा, म्हणजे तोडलेल्या गाडीतून काढलेला. कटिंगच्या मालाला द्वारका-वडाळा नाक्याकडे विचारा, तिथे नाही मिळाला तर मालेगाव, नाहीतर कुर्ल्याचा सीएसटी रोड.

कटिंगचा माल म्हणून काय घ्यायचं: दरवाजे, बोनेट, डिकी, फेंडर, काचा, सीट, अलॉय, हेडलाइट. काय घ्यायचं नाही: एअरबॅग, सीटबेल्ट, ब्रेकचे होज, स्टिअरिंगचे जोड. उघडलेली बॅग शिवून परत बसवणारे महाभाग आहेत, त्यांच्या दुकानासमोरून गाडी पण नेऊ नका. इंजिन जुनं घ्यायचं असेल तर त्याचं बिल आणि ज्या गाडीतून निघालं तिचे कागद हवेतच, कारण इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यावा लागतो आणि तिथे इंजिन कुठून आणलं हे विचारतात.

आता काम, क्रमाने

गाडी शेडमध्ये आली की आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि भरपूर फोटो काढा, प्रत्येक कनेक्टरचे, प्रत्येक क्लिपचे. बोल्ट पिशव्यांमध्ये नाव लिहून. हे कंटाळवाणं आहे पण दोन महिन्यांनी "हा बोल्ट कुठला" म्हणून डोकं खाजवायचं नसेल तर करा.

मग पुढचा भाग पूर्ण उघडा, आणि उघडेपर्यंत एकही पॅनेल विकत आणू नका. खरा मार बंपरच्या मागे दिसतो. आता गाडी बेंचवर, म्हणजे बॉडी पकडून ओढून सरळ करायच्या फ्रेमवर. ज्या वर्कशॉपकडे हायड्रॉलिक पुलिंग आणि माप घ्यायची सिस्टीम आहे तिथेच, झाडाला साखळी बांधून ओढणाऱ्याकडे नाही. कंपनीच्या बॉडी मापांशी जुळवून ओढून घ्यायचं आणि ओढायच्या आधीची आणि नंतरची मापं कागदावर मागून घ्यायची. जिथे मेंबर घडी झालाय तिथे सरळ करण्यापेक्षा कंपनीने दिलेल्या जोडावरून बदलणं चांगलं. वेल्डिंग मिगने किंवा स्पॉटने, गॅसने नको, आणि वेल्डिंगच्या आधी बॅटरी तर काढायचीच पण ईसीयू पण काढून ठेवा. जोडाच्या आत प्राइमर आणि वरून सीलर, नाहीतर दोन पावसाळ्यांत गंज. इगतपुरी-त्र्यंबककडे राहणाऱ्यांनी तर चेसिसच्या पोकळीत वॅक्स मारूनच घ्या.

पत्रा मापात आला की सस्पेन्शन लावा, गाडी चाकांवर उभी करा आणि रंगाच्या आधी एकदा अलाइनमेंट मशीनवर नेऊन बघा. इथे बहुतेक लोक घाई करतात, रंग मारून गाडी चमकवतात आणि मग कळतं की कॅम्बर (चाकाचा उभा कल) जुळतच नाही, परत खोला. आकडे येत असतील तर पुढे जा, नसतील तर परत बेंचवर.

मग रेडिएटर, कंडेन्सर, फॅन, होज. एसीची लाइन उघडी राहिलेली असेल तर ड्रायर (लाइनमधली ओल शोषणारा डबा) नवा टाका. इंजिन चालू करायच्या आधी ऑइल-कूलंट नवं, आणि चालू केल्यावर फॅन लागेपर्यंत उभे राहा, टेंपरेचर बघत. पॅनेल सगळे आधी नुसते लावून फटी जुळवायच्या आणि मग काढून रंग. मेटॅलिक रंग असेल तर शेजारच्या पॅनेलवर ब्लेंड करायला सांगा, नाहीतर उन्हात दोन रंग दिसतात.

एअरबॅगचं काम शेवटी आणि अधिकृत वर्कशॉपकडूनच. एअरबॅगच्या कंट्रोल मॉड्यूलमध्ये क्रॅशचा डेटा साठलेला असतो, बॅगा, बेल्ट आणि गरज असेल तिथे सेन्सर, क्लॉक स्प्रिंग (स्टिअरिंगमधल्या बॅगेची वायरिंगची गुंडाळी) हे सगळं बदलून स्कॅनरवर एकही एरर नाही हे बघायचं. हा खर्च टाळायचा असेल तर गाडीच टाळा. घरातली माणसं त्यातच बसणार आहेत.

टेस्टला आधी गल्लीत, मग रिकाम्या सरळ रस्त्यावर ब्रेक मारून बघा, गाडी एका बाजूला ओढते का. मग सिन्नरकडे हायवेला ८० च्या वेगाने, स्टिअरिंग हलकं सोडून. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे बोल्ट परत टाइट करा आणि अलाइनमेंट परत तपासा.

रस्त्यावर आणल्यावर

रंग बदलला असेल तर आरसीवर नोंद करावी लागते, म्हणून जुनाच रंग मारा, डोकेदुखी वाचते. नंबर प्लेट फुटली असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) नवी मागवा, बाहेरची पाटी लावू नका. विमा तुटलेला असेल तर कंपनी गाडी तपासून मगच पॉलिसी देते, तेव्हा ॲक्सिडेंटची माहिती खरी द्या, लपवलेली गोष्ट क्लेमच्या वेळी सर्व्हेअरला सापडतेच. चालू पॉलिसीसकट घेतली असेल तर ती १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला अर्ज द्या, आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही हे पण लक्षात असू द्या.

आणि एक फाइल करा: आधीचे फोटो, बेंचची मापं, पार्टची बिलं, अलाइनमेंटचा प्रिंट, स्कॅनर रिपोर्ट. पुढे विकताना ॲक्सिडेंटची आहे हे पहिल्याच फोनवर सांगा आणि फाइल समोर ठेवा. अर्धे लोक तिथेच फोन ठेवतील, ठेवू द्या. जो येईल तो डेंटर घेऊन येईल, त्याला बोनेट उघडून द्या, आणि सौदा झाला की गाडी हातात देतानाच २९ आणि ३० वर सह्या करून ट्रान्सफर स्वतः आरटीओला टाका, त्याच्या भरवशावर सोडू नका, नाहीतर त्याने तोडलेल्या सिग्नलचं चलान तुमच्या मोबाइलवर येत राहील.